खरजेची रात्र

डिसेंबरात रात्री अकरा वाजले की आमच्या धाकटीची खाज सुरू व्हायची. दिवसा बरी असायची. पांघरुणात ऊब आली की बोटांच्या बेचक्या, मनगटं, बेंबीभोवती कराकरा खाजवत बसायची. ती तिसरीत आहे. शाळेत पेंगते अशी बाईंची तक्रार आली, तेव्हा मला रडू फुटलं.

सगळे म्हणाले, नाशिकच्या थंडीत कातडी कोरडी पडते, खोबरेल लाव. लावलं. कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ घातली. शेवटी सिडकोतल्याच एका मेडिकलमधून ट्यूब आणली, चिठ्ठी कोणी मागितली नाही. चार दिवस लाली उतरली आणि मला वाटलं, जिंकलो. आठवड्याने पुरळ बगलेपर्यंत गेलं आणि मनगटावर पिवळी खपली धरली. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. त्याने सूज आणि लाली दबते, आतला किडा मात्र मरत नाही. अशी मलमं 2018 पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायचीच नसतात.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "घरात अजून कोण खाजवतंय?" मी गप्प झाले. नववीतला मोठा खाजवत होता, सासूबाईही. मग बाईंनी धाकटीच्या बोटाच्या बेचकीवर भिंगाचं छोटं यंत्र ठेवलं आणि मला बघायला लावलं. कातडीत एक बारीक वळणदार रेघ आणि तिच्या टोकाला इवलासा काळपट त्रिकोण. तो किडा. माझ्या लेकीच्या हातात बीळ करून राहिलेला.

खरूज! माझा चेहरा बघून बाई म्हणाल्या, "घर अस्वच्छ म्हणून होत नाही हो. बराच वेळ अंगाला अंग लागलं की होते. आणि पहिल्यांदा झाली असेल तर खाज चार-सहा आठवड्यांनी सुरू होते." मी मनात मागे मोजत गेले. भाऊबीज. सिन्नरला नणंदेकडे तीन दिवस, पाच पोरं एकाच गोधडीत.

खपलीवर आधी अँटिबायोटिक दिलं. मग परमेथ्रिन, म्हणजे किडा मारणारं मलम, 5 टक्क्यांचं. घरातल्या प्रत्येकाने एकाच रात्री लावायचं, खाज असो वा नसो. एकजण राहिला तर त्याच्याकडून पुन्हा सगळ्यांना. मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेंबीत, बोटांच्या मध्ये, सगळीकडे. आठ-बारा तासांनी आंघोळ आणि आठवड्याने पुन्हा एकदा.

शनिवारी जेवणं उरकल्यावर सगळ्यांची नखं कापली. सासूबाई म्हणाल्या, "मला काही झालेलं नाही, थंडीनं खाजतंय." मी त्यांच्या पाठीला स्वतः मलम लावलं. गुडघ्यामुळे त्यांना वाकता येत नाही, म्हणून पावलंही मीच केली. धाकटीने मध्येच हात धुतले, तिला परत लावलं. झोपायला साडेबारा वाजले.

रविवारी सकाळी अंगावरचे कपडे, चादरी, टॉवेल कढत पाण्यातून काढले आणि गच्चीवर उन्हात घातले. गोधड्या धुणं शक्य नव्हतं. त्या मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून आठवडाभर ठेवल्या. माणसाच्या अंगापासून दूर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही.

त्यानंतरही दोन आठवडे खाज राहिली. किडे मेले तरी त्यांच्या अवशेषांनी कातडी चिडलेली असते, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं, म्हणून मी घाबरून रोज मलम थापत बसले नाही. तुमच्याकडे असं झालं तर तुम्हीही थापू नका. महिन्यानंतरही खाज थांबली नाही किंवा नवीन फोड आले, तरच पुन्हा दाखवा.

सगळ्यात जड गेला तो सिन्नरचा फोन. दोनदा नंबर लावून ठेवला, मग सांगून टाकलं. पलीकडे क्षणभर काही नाही. मग नणंद म्हणाली, "वहिनी, आमची दोघंही रात्रभर खाजवतात. मी कोणाला बोललेच नव्हते." त्याच संध्याकाळी ती पोरांना घेऊन डॉक्टरकडे गेली. शाळेच्या व्हॅनमधल्या मुलांच्या आयांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं.