काळूचा डोळा

"ताई, घोडी जरा राहू द्या, आधी ह्या काळूला बघा. मोतीबिंदू झालाय बहुतेक," काका म्हणाले.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. इंदूरजवळच्या राऊच्या पुढे, आग्रा-मुंबई रस्त्यापासून आत काकांचं आवार आहे. दोन म्हशी, काळू कुत्रा आणि लग्नाच्या वरातीची पांढरी घोडी, बिजली. त्यांच्या आजोबांचे आजोबा म्हणे होळकरांच्या पागेत होते. हे काका दर भेटीत सांगतात आणि मीही दर भेटीत नव्यानं ऐकते.

मी आले होते बिजलीसाठी. गणपतीनंतर एकदा तिला बघून गेले होते. खाणं व्यवस्थित, पण अंगावर काही लागत नव्हतं. त्या दिवशी ताप 101, म्हणजे घोड्याला नसल्यातच जमा. रक्ताची एक काच रंगवून पाहिली, तीत काही सापडलं नाही. "परजीवी नाहीत" असं मी छातीठोकपणे सांगितलं, यकृताचं टॉनिक लिहून दिलं आणि निघाले. आता तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. पोटाखाली बोट दाबलं की खळगा तसाच राहत होता. मागचे पाय टाकताना कंबर डगमगत होती.

काळूचे दोन्ही डोळे आकाशी निळे झाले होते. मोतीबिंदू आत भिंगात असतो. इथे बाहेरचा काचेसारखा पडदाच धुरकटला होता. तोंड सुजलेलं, गळ्याखालच्या गाठी सुपारीएवढ्या. कुत्र्याचा असा डोळा मी कॉलेजात फक्त चित्रात पाहिला होता, आणि चित्राखाली जे नाव होतं ते आठवल्यावर मी मान वळवून घोडीकडे बघितलं. मग म्हशींकडे. म्हशीच्या पाठीवर अंगठ्याच्या नखाएवढ्या घोडमाश्या बसल्या होत्या, ज्यांना इकडे सगळे डांस म्हणतात.

गाडीच्या डिकीत माझा जुना, आरशाचा मायक्रोस्कोप असतो. तो ओट्यावर उन्हात मांडला. काळूच्या कानाच्या कडेतून थेंबभर रक्त घेतलं आणि न रंगवता, ओलंच काचेखाली ठेवलं. फोकस पुरता जुळायच्या आधीच दिसलं, की तांबड्या पेशी धक्के खाताहेत. जत्रेत गर्दीतून कुणी घुसत जावं तशा. मग धक्के देणारे दिसले. बारीक, निमुळते, सळसळणारे. एकेका दृष्टिक्षेत्रात आठ-दहा.

सर्रा. त्याचा जंतू, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. 1880 मध्ये डेरा इस्माईल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यानं आजारी घोड्या-उंटांच्या रक्तात हेच जंतू पाहिले. त्याच्या वरिष्ठांना ते पटलं नव्हतं. मी तर स्वतःच स्वतःची वरिष्ठ होते, त्यामुळे दोष द्यायलाही दुसरं कुणी नव्हतं.

बिजलीचा ताप आज 104.5 होता. तिच्या रक्तात बरंच शोधल्यावर तीन सापडले. गणपतीनंतर ते का दिसले नव्हते हे मला पाठ होतं, परीक्षेत त्यावर मार्कही मिळाले होते. हा जंतू अंगावरचं प्रथिनांचं आवरण बदलत राहतो. शरीर एका आवरणाविरुद्ध तयार होतं, ताप उतरतो, रक्त जवळजवळ स्वच्छ दिसतं. तोवर दुसऱ्या आवरणातले वाढू लागतात. मी नेमकी मधल्या उताराच्या दिवशी पोचले होते. ताप चढल्यावर पुन्हा रक्त बघायला हवं होतं, आणि बघितलं नव्हतं.

काकूंनी विचारलं, "पण कुत्र्याला घोडीचा आजार कसा?"

डांस चावताना दुखतं, जनावर शेपूट मारतं, तो अर्धवट जेवून उडतो आणि ओल्या तोंडानंच शेजारच्यावर बसतो. आफ्रिकेतल्या त्से-त्से माशीत जंतू वाढतात तसे इथे वाढत नाहीत. ही माशी म्हणजे नुसती उष्टी सुई. म्हैस बहुधा महिनोन्महिने वरवर धडधाकट राहून हा जंतू अंगात बाळगते. काळूला माशीनंच दिला असेल असंही नाही. नाल्यात टाकलेल्या मेल्या जनावराचं मांस खाऊनही मांसाहारी प्राण्यांना तो होतो. 2000 साली ओडिशातल्या नंदनकाननमध्ये वाघ दगावले ते याच सर्र्यानं. महूच्या बाजूला नीलगायी आहेत, बिबटेही आहेत, आणि माशीला कुंपण कळत नाही.

"आणि आम्हाला?" काकूंचा हात एव्हाना नातवाच्या डोक्यावर गेला होता.

माणसाच्या रक्तात हा जंतू मारणारं एक प्रथिन असतं, म्हणून सहसा होत नाही, असं सांगितलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला 2004 मध्ये झाला होता. त्याच्या रक्तात तेच प्रथिन नव्हतं असं नंतर निघालं. हे सांगायला नको होतं. काकूंनी लगेच सगळ्यांचे हात साबणानं धुवून घेतले, माझेसुद्धा.

क्विनापायरामिन, म्हणजे सर्र्यावरचं औषध, इंदूरच्या राजेंद्रनगरातून मागवलं. बिजलीच्या मानेत कातडीखाली, तीन ठिकाणी वाटून दिलं. थोड्या वेळात ती थरथरली, घाम फुटला. अशा वेळी घड्याळ फार हळू चालतं. काका तिच्या कपाळावर हात ठेवून उभे, मी नाडीवर. तासाभरानं तिनं कडब्यात तोंड घातलं तेव्हा मला पोह्यांची बशी दिसली. ती कधी आणून ठेवली होती कुणास ठाऊक. शेव पार मऊ पडली होती.

काळूलाही वजनाप्रमाणे तेच औषध दिलं. डोळ्यात आणि मेंदूत हा जंतू औषधापासून लपून बसतो, म्हणून त्याचं रक्त पुन्हा पुन्हा बघावं लागेल हेही सांगितलं. म्हशींचं रक्त महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजात पाठवलं, एकीत निघाला. तिचं दूध कमी झालं होतं ते काकांनी ढेपेच्या खात्यावर घातलं होतं.

देवउठनी ग्यारशीपासून वराती सुरू होतात. काकांनी दोन घरांची आगाऊ रक्कम परत केली. बिजली मार्गशीर्षात अंगानं भरली, मानेवर एक गाठ मात्र राहिली. काळूचा डावा डोळा स्वच्छ झाला, उजव्यात ढगाचा ठिपका आहे.

शेवटच्या भेटीत निघताना काका आतून टॉनिकची बाटली घेऊन आले. अर्धी भरलेली.

"ताई, ही उरलीय. म्हशीला चालेल का?"