आमची वाटचाल : विस्मरणात गेलेल्या ब्रिटिश रहस्यकथांचे दुकान

आमचा व्यवसाय जुन्या पुस्तकांचा आहे, पण सरसकट सगळ्या जुन्या पुस्तकांचा नव्हे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आणि त्यानंतरच्या दहाएक वर्षांत ब्रिटनमध्ये ज्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या छापल्या गेल्या, हातोहात वाचल्या गेल्या आणि पुढे ज्यांचे नावही कोणी घेईनासे झाले, त्या शोधून काढायच्या, साफसूफ करायच्या, गरज असेल तिथे बांधणी सावरायची आणि वाचणाऱ्याकडे टपालाने पाठवायच्या, हे काम आम्ही २००९ पासून करत आलो आहोत. मी आणि माझी पत्नी मूळचे पुण्याचे, राहायला यॉर्कशायरमध्ये. दुकानाला रस्त्यावर पाटी नाही. घरामागच्या दोन खोल्या, छापील कॅटलॉग आणि संगणकावर येणाऱ्या ऑर्डरी असा सगळा कारभार आहे. ॲगाथा ख्रिस्ती आम्ही जवळजवळ विकतच नाही. ती कधी विस्मरणात गेलीच नाही, आणि तिच्या कादंबऱ्या कोणत्याही रेल्वे स्थानकावर मिळतात.

बाकीचे लेखक विसरले का गेले, हे नीट उमजल्याशिवाय या धंद्यात पाय रोवता येत नाही. ते सामान्य होते म्हणून मागे पडले, अशी एक सोयीस्कर समजूत आहे. काहींच्या बाबतीत ती खरीही आहे. पण मुख्य कारण त्या काळच्या पुस्तक-व्यवहारात सापडते. १९३०च्या दशकात नवी कादंबरी साडेसात शिलिंगांना मिळत असे आणि ती विकत घेऊन वाचणारे थोडे होते. खप व्हायचा तो वाचनालयांकडे. बूट्स या औषधांच्या दुकानांत वर्गणीचे वाचनालय असे, पुस्तके नि वर्तमानपत्रे विकणाऱ्या डब्ल्यू. एच. स्मिथ या दुकानांचे स्वतःचे वाचनालय होते, आणि गल्लीबोळांतल्या तंबाखूच्या नि वर्तमानपत्रांच्या दुकानांतून दोन पेन्सला एक पुस्तक वाचायला नेता येई. वर्गणी नाही, अनामत नाही. एकेक प्रत असंख्य घरांतून फिरायची आणि खिळखिळी झाली की रद्दीत जायची. रहस्यकथा जपून ठेवावी, असे तेव्हा कोणाच्या मनातही येत नसे. गुन्हेगार कोण हे एकदा कळले की पुस्तकाचे काम संपले, असाच हिशेब होता.

त्यात युद्ध आले. २९ डिसेंबर १९४०च्या रात्री लंडनवर झालेल्या बॉम्बवर्षावात पॅटर्नॉस्टर रो या प्रकाशकांच्या गल्लीतली गोदामे जळाली आणि लाखो पुस्तके भस्मसात झाली. कागदावर नियंत्रण आले, जुना कागद लगद्यासाठी देण्याच्या मोहिमा निघाल्या. शांतता आल्यावर वाचकांची आवडही पालटत गेली. स्मिथचे वाचनालय १९६१ साली बंद झाले, बूट्सचे १९६६ साली, आणि या कादंबऱ्यांचा रोजचा रस्ताच खुंटला.

आमच्याकडे आजही बूट्सच्या वाचनालयातल्या प्रती येतात. मुखपृष्ठाच्या पुठ्ठ्यावर ढालीच्या आकाराचे हिरवे लेबल असते आणि कण्याच्या वरच्या टोकाला एक बारीक भोक दिसते. वर्गणीदाराचा बिल्ला दोऱ्याने त्या भोकात अडकवलेला असे, आणि तोच वाचनखूण म्हणूनही चाले. पुष्कळ विक्रेते ते लेबल वाफेने सोडवून काढतात, कारण वाचनालयाची खूण असलेली प्रत संग्राहकाला नको असते. आम्ही ते तसेच ठेवतो. पुस्तक कोणत्या वाटेने आले, हे सांगणारा तेवढाच एक दाखला त्याच्यापाशी उरलेला असतो, आणि आमच्या गिऱ्हाइकांना तो आवडतो.

संग्राहकांसाठी नव्हे, वाचकांसाठी दुकान चालवायचे, हे आम्ही पहिल्याच वर्षी ठरवले. या व्यापारात कागदी वेष्टनाला, म्हणजे जॅकेटला, सोन्याचे मोल असते. त्या काळी जॅकेट काढून फेकून देण्याची रीत होती, त्यामुळे तेच पुस्तक जॅकेटसह असले तर जॅकेट नसलेल्या प्रतीच्या कित्येक पट किंमत येते. तो खेळ भांडवलदारांचा आहे, आणि त्यात लबाडीही शिरली आहे. रंगीत छपाई स्वस्त झाल्यापासून जुन्या जॅकेटच्या हुबेहूब नकला मिळतात. नक्कल आहे असे आत छापलेले असेल तर त्यात काही गैर नाही. मात्र एका विक्रेत्याने ती ओळच कापून टाकलेले जॅकेट अस्सल म्हणून आमच्या गळ्यात मारले होते. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून जॅकेट हाती आले की आम्ही आधी भिंगाखाली छपाईचे ठिपके पाहतो.

माल मिळवण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. वृद्ध माणसाच्या निधनानंतर घर रिकामे करणारे कंत्राटदार, चर्चचे जुन्या वस्तूंचे बाजार, धर्मादाय दुकाने, आणि सप्टेंबरात यॉर्कच्या रेसकोर्सवर भरणारा मोठा पुस्तकमेळा. पण हात कुठे घालायचा हे कळायला टोपणनावांचा अभ्यास लागतो. सेसिल जॉन चार्ल्स स्ट्रीट हा माजी तोफखाना अधिकारी जॉन रोड आणि माइल्स बर्टन अशा दोन नावांनी शंभरावर कादंबऱ्या लिहून गेला. बेलफास्टमध्ये रसायनशास्त्र शिकवणारे प्राध्यापक ए. डब्ल्यू. स्टुअर्ट जे. जे. कॉनिंग्टन झाले. अँथनी बर्कली कॉक्स विनोदी बाजाच्या रहस्यकथांना बर्कली हे नाव लावी आणि काळ्याकुट्ट मनोव्यापारांच्या कादंबऱ्यांना फ्रान्सिस आयल्स. आम्ही कार्डांवर या नावांची नोंद ठेवत गेलो. त्यासाठी सर्वांत उपयोगी पडली ती जुन्या पुस्तकांच्या शेवटच्या पानांवरची प्रकाशकांच्या जाहिरातींची यादी. कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने १९३० साली सुरू केलेल्या ‘क्राइम क्लब’ या रहस्यकथामालेच्या पुस्तकांत अशा याद्या असत, आणि आमची निम्मी खरेदी त्या याद्या हातात धरून झालेली आहे.

२०१४च्या नाताळापर्यंत हा धंदा म्हणजे हौशीच्या थोडे वर आणि पोटापुरत्याच्या थोडे खाली, असा होता. त्या वर्षी ब्रिटिश लायब्ररीने आपल्या क्राइम क्लासिक्स मालेत जे. जेफरसन फार्जनची १९३७ सालची ‘मिस्टरी इन व्हाइट’ पुन्हा छापली. बर्फात अडकलेल्या रेल्वेगाडीतून उतरलेले प्रवासी वादळात एका घराचा आसरा घेतात. शेगड्या पेटलेल्या आहेत, चहाची मांडामांड झालेली आहे, आणि घरात माणूस नाही. हे पुस्तक जुन्या प्रवासी जाहिरातीच्या धर्तीच्या मुखपृष्ठासह दुकानांत आले आणि नाताळात त्याच्यावर अक्षरशः उड्या पडल्या. आता आमचे दुकान बंद होणार, असे हितचिंतकांनी सांगितले. नवी कोरी प्रत स्वस्तात मिळत असताना डागाळलेली जुनी कोण घेईल, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

घडले ते वेगळे. पुनर्मुद्रित पुस्तकाच्या जुन्या प्रतीची मागणी खरेच घटली, पण त्याच लेखकाच्या बाकीच्या पुस्तकांची मागणी अशी वाढली की आम्हाला पुरवठा करता येईना. याचे ठळक उदाहरण म्हणजे ई. सी. आर. लोरॅक, अर्थात एडिथ कॅरोलाइन रिव्हेट. लोरॅक या नावाने तिने अठ्ठेचाळीस आणि कॅरोल कारनॅक या नावाने तेवीस रहस्यकथा लिहिल्या. १९५८ साली ती वारली आणि पुढे दोन पिढ्यांना तिची ओळखच उरली नाही. पुनर्मुद्रणे निघू लागल्यावर वाचक आमच्याकडे उरलेल्या पुस्तकांच्या याद्या घेऊन आले. तिचे एक अप्रकाशित हस्तलिखितही ‘टू-वे मर्डर’ या नावाने २०२१ साली, मृत्यूनंतर सहा दशकांनी, प्रथमच छापले गेले. मालेचे सल्लागार मार्टिन एडवर्ड्स यांच्या प्रस्तावनांनी जे काम केले, ते आमच्या कॅटलॉगांनी शंभर वर्षांतही झाले नसते, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

सगळेच विसरलेले लेखन मोलाचे असते, असे मात्र मी गिऱ्हाइकाला कधी सांगत नाही. फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स पेशाने रेल्वे अभियंता होता, आणि त्याचा इन्स्पेक्टर फ्रेंच गाड्यांची वेळापत्रके पडताळत संशयिताचा बचाव ज्या चिकाटीने उसवत नेतो, ती मला अतिशय प्रिय आहे; माझी पत्नी मात्र पन्नासाव्या पानावर पुस्तक मिटते. जॉन रोडच्या उत्तरकाळातल्या पुस्तकांत खून कल्पक आणि माणसे पुठ्ठ्याची असतात. उलट ख्रिस्टोफर सेंट जॉन स्प्रिग, जो क्रिस्टोफर कॉडवेल या नावाने मार्क्सवादी समीक्षक म्हणून ओळखला जातो आणि १९३७ साली स्पेनच्या यादवी युद्धात मारला गेला, त्याची ‘डेथ ऑफ अॅन एअरमन’ आम्ही डोळे मिटून कोणालाही सुचवतो.

एक गोष्ट भारतीय विक्रेता म्हणून टाळता येत नाही. या कादंबऱ्यांत ज्यू सावकार, ‘पौर्वात्य’ नोकर आणि हिंदुस्थानातून परतलेले कर्नल ज्या नजरेने रंगवलेले असतात, ती नजर अनेकदा किळसवाणी आहे. रोनाल्ड नॉक्स या रहस्यकथाकाराने १९२९ साली रहस्यकथेचे जे दहा नियम लिहिले, त्यांत कथेत चिनी माणूस आणू नये असा एक नियम आहे. तो स्वस्त थरारकथांतल्या ठोकळेबाज चिनी खलनायकाची टर उडवण्यासाठी होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आम्ही असा मजकूर असलेली पुस्तके विकतो, पण कॅटलॉगमध्ये तसे स्पष्ट लिहितो. त्यावरून रागावून पत्र पाठवणारे दोन्ही बाजूंचे असतात.

२०२०च्या टाळेबंदीत ऑर्डरींनी कळस गाठला. पुढच्या वर्षापासून, ब्रेक्झिटमुळे, युरोपात पार्सल पाठवताना जकातीचे कागद भरावे लागू लागले आणि तिकडची निम्मी गिऱ्हाइके गळाली. ती तूट जपान आणि अमेरिका यांनी बऱ्याच अंशी भरून काढली आहे.

अलीकडे पुण्या-मुंबईहून अनुवादकांची पत्रे येतात. भारतात स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी संपतो, ब्रिटनमध्ये सत्तर वर्षांनी. त्यामुळे १९५७ साली वारलेल्या क्रॉफ्ट्सच्या, त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्या भारतात २०१८ पासूनच मुक्त आहेत, तर इथे त्यासाठी २०२८ उजाडावे लागेल. मराठीत उतरवण्यासाठी कोणते पुस्तक घ्यावे असे कोणी विचारले, तर वेळापत्रकांचा कंटाळा नसल्यास १९२० सालच्या ‘द कास्क’पासून आरंभ करावा, असे मी कळवतो आणि वाचनाजोगी प्रत शिलकीत असेल तर टपालखर्चात पाठवतो. सध्या पुढच्या कॅटलॉगसाठी कॅरोल कारनॅकची पुस्तके जमवण्याचे काम चालू आहे. तेवीसपैकी जी अजून हाती लागलेली नाहीत, त्यांची यादी आम्ही घरे रिकामी करणाऱ्या आमच्या सर्व कंत्राटदारांना देऊन ठेवली आहे.