कोऱ्या रकान्याचे अकरा दिवस

दोन वर्षे बॉक्सिंगच्या आमच्या वजनगटात अंतिम लढत माझ्यात आणि एकाच प्रतिस्पर्ध्यात होत असे. त्याने मला दोनदा हरवले होते आणि मी त्याला एकदा. यंदा मात्र उपान्त्य फेरीतच गाठ पडली आणि त्याचा डावा हुक कानशिलावर बसताच माझे गुडघे असे वाकले की पंचांनी आठपर्यंत आकडे मोजून लढत थांबवली.

डोक्यावरच्या ठोशांमुळे लढत थांबली की किमान ३० दिवस सक्तीची विश्रांती असते आणि त्या काळात स्पारिंग म्हणजे सरावाची लढतही करता येत नाही. ते दिवस निघून गेले. तपासणीही वीस मिनिटांत झाली: एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटे लावत सरळ रेषेत चालणे, डोळे मिटून बोट नाकाला टेकवणे, ऐकलेले पाच शब्द थोड्या वेळाने पुन्हा सांगणे.

अडले ते पुन्हा लढण्याच्या परवानगीच्या शिक्क्यापाशी. माझ्या नोंदवहीत लढत थांबवल्याची नोंद होती, परंतु कारणाचा रकाना कोरा होता. २०१३ पासून प्रौढ पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय लढतींतून हेडगार्ड म्हणजे डोक्यावरचे संरक्षक कवच गेल्यावर भुवई फुटून थांबलेली लढत आणि डोक्याला मार बसून थांबलेली लढत वेगळी नोंदणे अधिकच गरजेचे झाले आहे, हे मलाही पटते. पण ज्या डॉक्टरांनी तो रकाना भरायचा ते दौऱ्यावर होते आणि खिडकीतल्या बाई रोज तितक्याच शांतपणे “उद्या या” म्हणत होत्या. प्रवेशिकेची मुदत जवळ येत होती. (रिंगणातून उतरल्यावर पट्ट्या सोडण्याआधी नोंदवही उघडून वाचावी. मी ती न वाचताच पिशवीत टाकली होती.)

नवव्या दिवशी खिडकीसमोरच्या बाकावर माझा तोच प्रतिस्पर्धी येऊन बसला. अंतिम लढतीत त्यालाही असेच थांबवले होते. त्याच्या वहीतला रकाना व्यवस्थित भरलेला पाहून मला आधी हेवाच वाटला.

“मग अडलं कुठे?” मी विचारले.

“पाचातले दोनच शब्द आठवले,” तो म्हणाला. “तुझं डोकं दुखतं का रे अजून?”

“नाही,” मी म्हणालो.

अकराव्या दिवशी डॉक्टरांनी उभ्या उभ्या दोन शब्द लिहून रकाना भरला. शिक्का मारण्यापूर्वी बाईंनी लक्षणांचा कागद पुढे सरकवला आणि डोकेदुखीच्या ओळीपुढे मी तेच उत्तर लिहून सही केली.