जुन्या पिकअपचे बसलेले पाटे आणि अलाइनमेंट : माझा अनुभव

आमची पिकअप २००९ची, पुढं-मागं चारही बाजूंना पाटेच (पोलादी पट्ट्यांच्या थरांचे स्प्रिंग), आणि टोमॅटोच्या सीझनला दिंडोरीहून पिंपळगाव बसवंतला जाळ्या (क्रेट) वाहून वाहून तिची जी हालत व्हायची ती झालेली. गाडी डावीकडं कललेली, सरळ रोडवर स्टेअरिंग डावीकडं वळवून धरावं लागायचं आणि पुढचे टायर खात होती. टायरवर हात एका दिशेनं फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर करवतीसारखं टोचायचं, म्हणजे टो (वरून बघितलं तर चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत ते) बिघडलाय हे नक्की.

शहरात एका ठिकाणी अलाइनमेंट (चाकांचे कोन तपासून बरोबर करणं) करून घेतली. त्यांनी फक्त पुढच्या चाकांना सेन्सर लावले, टो सेट केला, स्टेअरिंग मधोमध आणलं, पैसे घेतले, झालं. गाडी कललीय का, मागची चाकं कुठं बघतायत, कशात प्ले (ढिलेपणा) आहे, काही विचारलं नाही. काही दिवसांत टायर परत तसेच. नाना म्हणाले, "अरे, आधी पाटे बघ की, मशीन काय करणार त्याला."

मग द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये घेतली, तिथली फरशी पाण्याच्या नळीनं लेव्हल बघून घेतली. गाडी रिकामी, स्टेपनी जागेवर, चारही टायरमध्ये बरोबर हवा, आणि माप घ्यायच्या आधी गाडी जराशी पुढं-मागं ढकलून, दाबून हलवून घ्यायची, नाहीतर पाटे अडकून बसतात आणि माप खोटं येतं. पुढं हबच्या सेंटरपासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं. जमिनीपासून मोजू नका, टायर कमी-जास्त झिजलेला असला की तो फरक त्यात घुसतो. मागं मडगार्ड नाही, म्हणून चेसिसच्या खालच्या कडेपासून ॲक्सलच्या वरपर्यंत. डावी बाजू ३० मिमी खाली! पुढं पण थोडा फरक होता, पण तो पुढच्या पाट्यांचा की मागच्याच कलानं आलेला? त्यासाठी पुढच्या क्रॉस मेंबरच्या (चेसिसच्या आडव्या पट्टीच्या) बरोबर मध्यावर ट्रॉली जॅक लावून पुढचं वजन त्यावर घेतलं. आता गाडी कलली तर ती फक्त मागच्या पाट्यांमुळं, आणि ती कललीच. पुढचे पाटे निर्दोष सुटले.

एवढ्यावर थांबलो नाही. गवंड्याचा ओळंबा घेतला, चारही हबच्या सेंटरवरून फरशीवर सोडला, खडूनं खुणा केल्या, गाडी बाजूला काढली आणि पुढच्या खुणेपासून मागच्या खुणेपर्यंत टेप धरला. डाव्या बाजूचं अंतर उजव्यापेक्षा ९ मिमी जास्त! म्हणजे मागचा ॲक्सल डावीकडं मागं सरकलेला, आणि तो सगळी गाडी तिरकी ढकलतोय. धाकटा भाऊ मोटरसायकलवर मागून आला आणि म्हणाला, "दादा, पुढची चाकं एका रेषेत आणि मागची डावीकडं, तिरकीच पळतीय." स्टेअरिंग डावीकडं का धरावं लागायचं ते इथं कळलं, पुढच्या अलाइनमेंटचा त्यात काही दोषच नव्हता.

आडगाव नाक्याकडच्या एका पाटेवाल्या चाचांकडं नेली. यू बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळून धरणारे) खोलले तर सेंटर बोल्ट (पाट्यांच्या मधून जाऊन ॲक्सल जागेवर ठेवणारा) तुटलेला, आणि दुसऱ्या पाट्याला सेंटर बोल्टच्या भोकापाशी चीर. बाहेरून काही दिसत नव्हतं, गंज आणि चिखलाखाली सगळं झाकलेलं. चाचांनी तुटका पाटा बदलला, दोन्ही बाजूंना थंड्यानंच कमान मारली (पाट्यांना परत वाक दिला). भट्टीत लाल करून कमान मारली की पाण (पोलादाचा कडकपणा) उतरतं आणि पाटे परत बसतात, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. एकच बाजू करू नका, उलट्या बाजूला कलेल. सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट नवेच घातले, जुने ताणलेले असतात. शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीचे) बुश रबरी आहेत, ते गाडी चाकांवर उभी असतानाच फायनल टाईट करायचे, हवेत टाईट केले तर पिळले जाऊन लवकर फाटतात.

मग पुढचं चाक उचलून हात लावला. वर-खाली धरून हलवलं तर किंग पिन (जिच्यावर चाक वळतं ती) ठीक, डावी-उजवीकडं हलवलं तर टाय रॉड एन्ड (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याचा टोकाचा सांधा) खटखट करतोय. टो टिकत नव्हता तो ह्याच्यामुळं. तो बदलला. आणि मगच परत अलाइनमेंट, ह्यावेळी चारही चाकांना सेन्सर लावायला सांगून. सरळ ॲक्सलच्या गाडीत टाय रॉडवरून टो सेट होतो, कॅम्बर (पुढून बघितलं तर चाकाचा आत-बाहेर कल) बिघडलेला निघाला तर ॲक्सल वाकलाय किंवा किंग पिन झिजलीय, आणि कास्टर (बाजूनं बघितलं तर किंग पिनचा पुढं-मागं कल) सुधारायला पाट्याखाली पाचर घालावी लागते, तेव्हा "कॅम्बर-कास्टर पण करून देतो" म्हणून वरचे पैसे मागितले तर जरा विचारा नेमकं काय करणार.

आडगाव ते ओझर रिकामी पळवून बघितली, स्टेअरिंग सोडलं तर हळूच डावीकडं जाते, पण तेवढं चालायचं, पाणी जायला रोडलाच डावीकडं उतार असतो. जाळ्या भरून पहिली फेरी झाली की यू बोल्ट परत पाना लावून कसायचे, पाटे बसताना ते थोडे ढिले पडतात. आमचे पाऊण आटा फिरले.