परभणीच्या उन्हात काळी-पांढरी भुतं

परभणीच्या मे महिन्यात दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते. मग कूलर चालू, खिडकीला ओली चादर आणि हॉलिवूडचा जुना कृष्णधवल भयपट.

रंगीत भुतांत मला फारशी गोडी नाही. तिथं सगळंच दाखवून टाकतात. १९४२ चा 'कॅट पीपल' बघा. पोहण्याच्या तलावात एकटी बाई, छतावर पाण्याची लकाकी हलतेय, कुठून तरी गुरगुर येतेय. जनावर धड दिसतच नाही. खर्चाला पैसे कमी होते, म्हणून सावलीला कामाला लावलं. आणि अंगावर काटा येतो तो त्या सावलीमुळंच.

बी-पटांची, म्हणजे कमी पैशात उरकलेल्या सिनेमांची, गंमत निराळी. दिग्दर्शक एड वुडच्या 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस'मध्ये थडगी धक्का लागला की डुलतात. त्यातला नट बेला लुगोसी १९५६ मध्ये वारला, त्याचं थोडंच चित्रीकरण हाताशी होतं. मग वुडनं त्याच्या जागी आपल्या बायकोच्या हाडवैद्याला झगा घालून उभं केलं. तो लुगोसीपेक्षा चांगलाच उंच! म्हणून गडी सारखा तोंडावर झगा धरून फिरतो.

आई शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "काय बघायलास रे हे? त्याला तोंड दाखवायला काय झालंय?"

सगळा किस्सा सांगितला, तर पुढचा अख्खा सिनेमा ती नुसती त्या झग्यावरच नजर ठेवून होती. आता तिला जॉर्ज रोमेरोचा १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' दाखवायचाय. त्यातलं रक्त चॉकलेट सिरपचं आहे, हे मात्र आधी सांगणार नाही.