तुम्ही विचारलंत म्हणून: संदेष्टे कोणावर चिडले होते?

पश्चिम आशियात कुठे क्षेपणास्त्रं उडाली की दोन दिवसांत मला कोणाचा तरी फोन येतो. "यशयानं ज्याच्याबद्दल लिहिलंय तो देश हाच ना?" यशया हा बायबलमधला एक संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप लोकांना ऐकवणारा. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) मी जुन्या कराराचा, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागाचा, वर्ग घेते, तेव्हा प्रश्न माझ्याकडे येणं साहजिक आहे. मंडळीतली माणसं उत्सुकतेनं विचारतात. बाहेरची मित्रमंडळी जरा खोचकपणे विचारतात, "तुमचा देव शेजारपाजारच्या राष्ट्रांवर एवढा का हो चिडलेला असतो?" प्रश्न दोन असले तरी माझं उत्तर एकच आहे. ती वचनं शेजाऱ्यांबद्दल आहेत, पण ऐकवली आहेत घरच्यांना. हे फोनवर सांगून भागत नाही, म्हणून लिहिते.

आधी खोचक प्रश्न घेऊ. देवानं शेजाऱ्यावर चिडावं यात त्या काळी काही नवल नव्हतं. मृत समुद्राच्या पूर्वेकडच्या मवाब राज्याचा राजा मेशा याचा शिलालेख 1868 साली सापडला, आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला. मेशा म्हणतो, आमचा देव कमोश स्वतःच्या देशावर रागावला होता, म्हणून इस्राएलनं आम्हाला गांजलं. आता कमोशच्या कृपेनं मी शहरं परत घेतली आणि इस्राएल कायमचा संपला. म्हणजे देव शत्रूवर कोपतो, प्रसंगी आपल्यावरही कोपतो, हे मवाबलाही ठाऊक होतं. पण कमोश रागावला कशाबद्दल, ते मेशा सांगत नाही. त्याला त्याची गरजही वाटत नाही. इब्री संदेष्ट्यांचं सगळं लक्ष नेमकं तिथे असतं. ते आधी आरोप वाचून दाखवतात, मग शिक्षा.

आमोसचंच बघा ना. यहूदा या दक्षिणेच्या राज्यातल्या तकोवाचा माणूस, मेंढरं राखणारा, उंबराच्या झाडांची निगा करणारा. आठव्या शतकात तो सीमा ओलांडून उत्तरेच्या इस्राएल राज्यात गेला. दुसऱ्या यरोबामाची कारकीर्द होती, राज्य भरभराटीला आलेलं, श्रीमंत हस्तिदंती पलंगांवर लोळत होते. (ही काही कविकल्पना नव्हे. शोमरोन या राजधानीच्या उत्खननात हस्तिदंती नक्षीचे ढीगभर तुकडे मिळाले आहेत.) आमोस सुरुवात करतो दिमिष्कपासून (आजचं दमास्कस): तुम्ही गिलादाची, म्हणजे यार्देनेच्या पूर्वेकडच्या मुलुखाची, लोखंडी औतांनी मळणी केलीत. मग गज्जा (आजचं गाझा): तुम्ही गावंच्या गावं कैद करून अदोमला विकलीत. मग सोर, मग अदोम. मग अम्मोन, ज्यांनी सरहद्द वाढवायला गिलादातल्या गरोदर बायकांची पोटं फाडली. ऐकणाऱ्यांना हे गोडच लागलं असणार. एकेक वैरी पिंजऱ्यात उभा राहत होता.

सहावा मवाब. त्याच्यावरचा आरोप मी वर्गात दोनदा वाचायला लावते. मवाबनं अदोमच्या राजाची हाडं जाळून त्यांचा चुना केला. यात इस्राएलचं काहीच गेलं नव्हतं. एका परक्यानं दुसऱ्या परक्याच्या प्रेताची विटंबना केली, आणि त्याचाही हिशेब परमेश्वरानं ठेवला! न्याय फक्त 'आपल्या माणसां'च्या बाजूनं असता तर हे वाक्य तिथे असायचं कारण नव्हतं. त्यानंतर यहूदाचा नंबर येतो आणि शेवटी ज्यांच्यापुढे हे बोलणं चाललं होतं त्या इस्राएलचा. त्यांनी काही कोणाची पोटं फाडली नव्हती. त्यांचा गुन्हा असा, की कर्जापायी गरिबाला जोडाभर वहाणांच्या किमतीला विकलं आणि गहाण घेतलेली वस्त्रं अंथरून वेदीशेजारी पहुडले. दिमिष्कच्या युद्धगुन्ह्यांच्या रांगेत आमोसनं सावकारीचा व्यवहार नेऊन बसवला, त्याच साच्यातल्या वाक्यात: तीन अपराधांमुळे, किंबहुना चारांमुळे, मी शिक्षा मागे घेणार नाही.

आता गर्वाबद्दल. 'गर्विष्ठ राष्ट्रांचा नाश' असं आपण सहज म्हणून जातो, पण गर्व म्हणजे संदेष्ट्यांना काय अभिप्रेत होतं हे सगळ्यात स्वच्छ कळतं यशयाच्या दहाव्या अध्यायात. अश्शूर, म्हणजे त्या काळचं बलाढ्य साम्राज्य, हा परमेश्वराच्या क्रोधाचा सोटा आहे, असं यशया म्हणतो. सोटा पडणार कोणावर? 'अधर्मी राष्ट्रा'वर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच लोकांवर. हे पचवणं आधीच अवघड. पुढे तो अश्शूरच्या राजाला बोलायला लावतो: माझ्या हाताच्या बळानं मी हे केलं, माझ्या अकलेनं केलं, घरट्यात टाकून दिलेली अंडी गोळा करावीत तशी मी राष्ट्रांची संपत्ती गोळा केली, कोणी पंख हलवला नाही, कोणी चिवचिवलं नाही. त्यावर यशयाचा सवाल: कुऱ्हाडीनं कधी ती चालवणाऱ्यापुढे बढाई मारावी का?

योगायोग बघा. इसवी सनापूर्वी 701 मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. त्या मोहिमेची त्यानं स्वतः कोरवून घेतलेली हकीकत सहा बाजूंच्या मातीच्या स्तंभावर आहे, आणि त्यातला एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. 46 तटबंदीची शहरं घेतली, 2,00,150 माणसं बाहेर काढली, असा तो हिशेब देतो. आणि यहूदाच्या राजा हिज्कीयाला यरुशलेमात 'पिंजऱ्यातल्या पाखरासारखं' कोंडलं म्हणतो. खरा राजाही पाखरांचीच भाषा बोलत होता. यशयानं त्याच्या तोंडी घातलेलं भाषण अतिशयोक्त वाटत असेल तर हा स्तंभ जरूर वाचावा. राजा स्वतःबद्दल याहून कमी बोललेला नाही. यरुशलेम घेतलं, असं मात्र तो कुठेही म्हणत नाही.

म्हणजे पराक्रम गाजवला हा अश्शूरचा अपराध नव्हता. तो आपल्या एकट्याच्या जोरावर गाजवला असं तो समजला, आणि माणसं अंड्यांसारखी वेचली. संदेष्टा यहेज्केलच्या पुस्तकातला फारो, म्हणजे मिसरचा (इजिप्तचा) राजा, म्हणतो, नील नदी माझी, मीच ती माझ्यासाठी केली. सोरचा अधिपती म्हणतो, मी देव आहे. अदोम कड्यांच्या कपारीत राहून म्हणतो, मला खाली कोण ओढणार. नमुने सगळे एकाच जातीचे आहेत, फार थांबत नाही. फक्त यशयाच्या चौदाव्या अध्यायातलं एक वाक्य सांगते. बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा मेला तेव्हा लबानोनचे गंधसरू आनंदानं म्हणाले, तू आडवा झाल्यापासून आम्हाला तोडायला कोणी वर आलं नाही. लेबनॉनमधल्या वादी ब्रिसा इथे कड्यावर बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याचा लेख कोरलेला आहे. डोंगर फोडून वाट काढली आणि गंधसरू बाबेलला नेले, हे त्यात तो मोठ्या अभिमानानं सांगतो. साम्राज्याच्या जमाखर्चात झाडांचीही बाजू मांडणारा हा कवी मला फार मोठा वाटतो.

फोन करणाऱ्यांना मात्र हे नको असतं, त्यांना वेळापत्रक हवं असतं. अमुक वचन, अमुक देश, अमुक साल. त्यांच्यासाठी सोरची गोष्ट.

सोर हे समुद्रातल्या बेटावरचं श्रीमंत बंदर. यहेज्केल 26 ते 28 मध्ये त्याच्यावर तीन अध्याय आहेत. त्यात मालाची अशी यादी आहे की व्यापाराच्या इतिहासकारांनी जपून ठेवावी: तार्शीशची चांदी, लोखंड, कथील, शिसं, हस्तिदंत, आबनूस, आणि यहूदा-इस्राएलकडून गहू, मध, तेल. संदेष्टा स्पष्ट नाव घेऊन सांगतो की नबुखद्नेस्सर येईल, तट पाडेल, संपत्ती लुटेल, आणि सोर म्हणजे जाळी वाळत घालायचा उघडा खडक होईल. नबुखद्नेस्सर आला. त्याचा वेढा 13 वर्षं चालला असं इतिहासकार योसेफस सांगतो. लूट मिळाली नाही.

हे कोणा टीकाकाराचं म्हणणं नव्हे, यहेज्केलच्याच पुस्तकात आहे. 29व्या अध्यायात, इसवी सनापूर्वी 571 च्या तारखेचं वचन येतं: नबुखद्नेस्सरनं सोरविरुद्ध आपल्या सैन्याला राब राब राबवलं, प्रत्येकाच्या डोक्याला टक्कल पडलं, प्रत्येकाच्या खांद्याची सालटी निघाली, पण सोरकडून त्याला किंवा त्याच्या सैन्याला काही मजुरी मिळाली नाही, म्हणून त्याबद्दल मी त्याला मिसर देतो. आधीचं वचन खोडलं नाही, झाकलं नाही. दोन्ही एकाच पुस्तकात तीन-चार पानांच्या अंतरानं ठेवली. अलेक्झांडरनं इ.स.पू. 332 मध्ये समुद्रात भराव घालून सोर घेतलं, तेव्हा भविष्य 'पूर्ण झालं' असं पुष्कळ उपदेशक सांगतात. पण नव्या करारातलं 'प्रेषितांची कृत्ये' वाचा. शतकांनंतर ख्रिस्ताचा प्रेषित पौल सोरला उतरतो, शिष्यांकडे सात दिवस राहतो. गाव चांगलं नांदतं होतं. आजही लेबनॉनमध्ये ते सूर नावानं आहे. मला यानं पवित्र शास्त्राचा कमीपणा वाटत नाही. ज्यांनी हे पुस्तक जपलं त्यांना वेळापत्रकाचं वेड नव्हतं, एवढंच दिसतं. सोरचा अहंकार हा विषय होता आणि तो आरोप त्यांनी मागे घेतला नाही.

एक पुस्तक माझ्या या उत्तरात नीट बसत नाही, ते सांगितलं पाहिजे: नहूम. अश्शूरची राजधानी निनवे पडणार म्हणून तो अक्षरशः टाळ्या पिटतो. यहूदाच्या पापाबद्दल तिथे अवाक्षर नाही. मला ते पुस्तक जड जातं. पण सन्हेरीबच्या निनवेतल्या राजवाड्यात यहूदातल्या लाखीश शहराच्या पाडावाची शिल्पं होती: सुळावर चढवलेली माणसं, जिवंत सोलली जाणारी माणसं, गाड्यावर बसून देशोधडीला लागलेली बायकापोरं. राजा हे भिंतीवर लावून मिरवत होता. असं भोगलेल्यांनी इ.स.पू. 612 मध्ये निनवे पडल्यावर काय म्हणायला हवं होतं, हे मी इथे बसून ठरवू शकत नाही. यहुदी परंपरेनं नहूम ठेवला आणि त्याच बारा लघुसंदेष्ट्यांत योनाही ठेवला, जिथे परमेश्वराला निनवेच्या 1,20,000 हून जास्त माणसांची आणि गुराढोरांची कीव येते. योम किप्पूरच्या, म्हणजे यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, दुपारी सिनेगॉगमध्ये वाचला जातो तो योना, आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांकडेही.

आणि नहूम एका टोकाला असला तर दुसऱ्या टोकाला यशयाचा सोळावा अध्याय आहे. मवाबचा गर्व आम्ही ऐकला आहे, तो फार गर्विष्ठ आहे, असं सहाव्या वचनात म्हणतो आणि तीन वचनांनी मवाबच्या उजाड द्राक्षमळ्यांसाठी रडतो. शिक्षा सांगताना डोळ्यांत पाणी! फॉरवर्ड होणाऱ्या भविष्यवाण्यांत मला हे अजून दिसलेलं नाही. संदेष्टा यिर्मया तर क्रोधाचा प्याला सगळ्या राष्ट्रांना पाजायला निघतो आणि पहिला घोट यरुशलेमला देतो; बाबेलचा राजा सगळ्यात शेवटी पितो. तेव्हा 'तो देश कोणता' असं विचारायचंच असेल, तर यिर्मयाची यादी ज्या क्रमानं आहे त्याच क्रमानं वाचावी.

हे असं ऐकवणाऱ्याचं पुढे काय झालं, असं वर्गातल्या एकानं विचारलं होतं. आमोसपुरतं उत्तर त्याच्या सातव्या अध्यायात आहे. बेथेलचा याजक अमस्या यानं राजाकडे निरोप धाडला, हा माणूस तुमच्याविरुद्ध कट करतोय, देशाला याचं बोलणं सोसवत नाही. मग आमोसला बजावलं, यहूदात चालता हो, तिकडे भाकर खा, तिकडे संदेश दे. इथे बेथेलात पुन्हा नाही, हे राजाचं पवित्रस्थान आहे. तक्रारीत दोनच मुद्दे होते: यरोबाम तलवारीनं मरेल आणि इस्राएल बंदिवासात जाईल, असं हा म्हणतो. दिमिष्क, गज्जा, मवाब यांच्याबद्दल आमोस काय बोलला, त्याची अमस्यानं तक्रार केली नव्हती.