पट्टी आडवी का फुगली?

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या टेस्टिंग लॅबमध्ये ठाण्याचे एक फॅब्रिकेटर आले, तेच घामाघूम होऊन. त्यांच्या आठ एमएम पोलादी पट्टीवर आमच्या स्ट्रेन गेजने (पट्टीवर चिकटवून ती किती ताणली ते सांगणारा सेन्सर) ३०० मायक्रोस्ट्रेन दाखवला होता, म्हणजे मीटरला ०.३ मिलिमीटर वाढ. त्याच लोडला त्यांनी दुसरीकडून कॅमेऱ्याने मोजून घेतला, तर १३००. पोलादात १३०० म्हणजे साधारण २६० मेगापास्कलचा स्ट्रेस, आणि माल २५० ग्रेडचा, म्हणजे २५० च्या पुढे कायमचा ताणला जाणारा.

"मॅडम, दहाची प्लेट घालू का?"

कॅमेऱ्याची पद्धत माझ्या आवडीची. पट्टीला पांढरा रंग द्यायचा, त्यावर काळे ठिपके उडवायचे, आणि लोडच्या आधीच्या व नंतरच्या फोटोंत ठिपके किती सरकले ते सॉफ्टवेअरने शोधायचं. गेज चिकटवला तिथलंच सांगतो; कॅमेरा अख्ख्या पट्टीचा रंगीत नकाशा देतो. (पावसाळ्यात रंग वाळत नाही, ते रडगाणं वेगळं.)

त्यांचा रिपोर्ट उलटताना आडव्या स्ट्रेनपाशी थबकले. अधिक ९१०! लांबीला ओढलेली पट्टी रुंदीला आकसते, पोलादात साधारण ०.३ पट. ही चक्क फुगली होती. दोन्ही आकड्यांतून १००० वजा केले: ३०० आणि उणे ९०. झालं की! म्हणजे दोन्ही दिशांना १००० फुकटचे वाढले होते.

कॅमेरा एकच होता, अर्ध्या मीटरवर. वस्तू कॅमेऱ्याकडे सरकली की फोटोत मोठी दिसते, आणि सॉफ्टवेअरला वाटतं ती ताणली गेली. ५०० मिलिमीटरला अर्धा मिलिमीटर, म्हणजे नेमके १०००.

फॅब्रिकेटर सरांना हे तोंडी पटेना. मग ठिपक्यांचा एक तुकडा स्लाइडवर बसवला, सरकणं मोजायला डायल गेज लावला आणि काहीही लोड न देता अर्धा मिलिमीटर पुढे ढकलला. स्क्रीनवर सगळा तुकडा एकसारखा लाल. "अहो, याला तर कोणी ओढलंही नाही!" ते म्हणाले.

दुपारी त्यांच्याच फिक्स्चरमध्ये (पट्टी धरायच्या चौकटीत) पट्टी लावून दोन कॅमेऱ्यांनी मोजलं. दोन असले की पुढे-मागे सरकणं वेगळं कळतं. आता स्ट्रेन आमच्या गेजच्या ३०० च्या आसपासच आला, आणि पट्टी अर्धा मिलिमीटर पुढे येतानाही दिसली. फिक्स्चरची पिन ढिली होती.

दहाच्या प्लेटची ऑर्डर त्यांनी तिथूनच फोन करून थांबवली. पिनचं बुश (पिन ज्यात बसते ती नळी) मात्र बदलायला लावलं.